डोळ्याला दिसलं, तरी हाताला गवसायला हवं

*पत्र असं आहे:*

"मॅडम, मी नागपूरच्या एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा कळमना मार्केटात संत्र्याच्या आडतीवर काम करतात. मला रोबोटचा हात शिकायचा आहे, म्हणजे कॅमेऱ्यातून वस्तू ओळखायची आणि ती नीट उचलायची. पण कॉलेजात तसा हातच नाही. सीनियर म्हणतात, परसेप्शन, म्हणजे बघून ओळखणं, आता सगळं एआय झालं, ते कॉम्प्युटरवाल्यांचं काम. मॅनिप्युलेशन, म्हणजे पकडणं-उचलणं, मेकॅनिकलचं, पण ते जुनं झालं. दोन्हीच्या मागे लागू नको, एकच धर. गणिताचे एम-वन, एम-टू पास झाले, पण मॅट्रिक्स विचारलं तर आठवत नाही. मोठे बाबा म्हणतात, 'काहून त्या भानगडीत पडतं वं पोरी, सॉफ्टवेअरचा कोर्स कर आन् पुण्याले जाय.' एका क्लासने एक लाख वीस हजारांत रोबोटिक्सचं सर्टिफिकेट देतो म्हटलंय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. काय करू?"

प्रिय मुली,

आधी कर्जाचं बोलते, कारण ते थांबवायला उशीर नको. आज रात्री जेवताना बाबांना सांग, कर्ज काढू नका. तो क्लास वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला तो माहीत नाही. पण तिथे जाऊन दोन गोष्टी विचार. एका विद्यार्थ्याला खऱ्या हातावर एकट्याने किती तास मिळतात? आणि कॅमेरा व हात यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी जागा आणि हात पोचतो ती जागा जुळवणं, विद्यार्थी स्वतः करतात, की आधीच करून ठेवलेलं असतं? दुसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला, तर एक लाख वीस हजार कशाचे मागतोय ते तुला तिथेच कळेल. शिकायचं साहित्य फुकट आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची रोबोटिक्सवरची व्याख्यानं पैसे न देता बघता येतात, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला. एमआयटीचे रस टेड्रेक 'रोबोटिक मॅनिप्युलेशन' नावाचा विषय शिकवतात, त्याच्या नोट्स आणि व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले आहेत. पैसे घालायचेच असतील तर ते वस्तूत घाल. त्याकडे पुढे येते.

आता सीनियरांचा सल्ला. 'एकच धर' हे मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते तुझ्या घरच्याच उदाहरणावरून सांगते.

आंबिया बहाराचा माल कळमन्यात उतरतो तेव्हा तू बाबांबरोबर कधीतरी गेलीच असशील. मी गेले आहे. निवडणारा माणूस ढिगासमोर मांडी घालून बसलेला असतो, शेजाऱ्याशी गप्पा चाललेल्या असतात, नजर अर्धी ढिगावर अर्धी रस्त्यावर. हात मात्र थांबत नाही. एखादं फळ बोटांना फोपसं लागलं की ते न बघताच वेगळ्या क्रेटमध्ये जातं. डोळ्याने जे सांगितलं नाही ते बोटांनी सांगितलं, आणि बोटं कुठे न्यायची ते डोळ्याने सांगितलं. तुझे बाबा हे दिवसभर करतात. आता यातलं परसेप्शन कुठे संपलं आणि मॅनिप्युलेशन कुठे सुरू झालं, ते मला बोट ठेवून दाखव. नाही दाखवता येणार. माणसाच्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्श ओळखणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात, आणि आपण रोबोटला बहुतेक वेळा एक कॅमेरा आणि दोन बोटांचा चिमटा देतो.

हेच काम त्या रोबोटला सांग. कॅमेऱ्याला फोटोत संत्रं दिसलं. ठीक. पण फोटोतला एक ठिपका म्हणजे जागेतला एक बिंदू नव्हे, ती एक सरळ रेषा असते. त्या रेषेवर संत्रं ४० सेंटिमीटरवर आहे की ६० वर, ते एका फोटोवरून कळत नाही. म्हणून दोन कॅमेरे किंवा अंतरही मोजणारा डेप्थ कॅमेरा लागतो. दोन कॅमेऱ्यांच्या पद्धतीत अंतर दुप्पट झालं की खोली मोजण्यातली चूक साधारण चौपट होते. मग ती जागा कॅमेऱ्याच्या हिशेबातून हाताच्या बुडाच्या हिशेबात न्यायची, तिथून सांध्यांच्या कोनांत. या प्रत्येक पायरीवर थोडी थोडी चूक साठत जाते.

किती चूक? कॅमेरा ६० सेंटिमीटरवर आहे आणि त्याच्या तोंडाच्या दिशेत फक्त एका अंशाची गफलत आहे असं धर. कागदावर कर, ६० गुणिले टॅन १ अंश. उत्तर एक सेंटिमीटरच्या वर येतं. संत्रं ७ सेंटिमीटरचं आणि चिमटा उघडून साडेआठ सेंटिमीटर होत असेल तर दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण सेंटिमीटर मोकळं राहतं. म्हणजे एका अंशाने बोट फळाच्या बाजूला न जाता फळावरच आदळलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी कॅमेरा आणि हात बसवून दिले होते. आठवडाभर छान चाललं. पुढच्या सोमवारपासून चिमट्याचं डावं बोट ट्रेच्या काठाला घासायला लागलं. मी दोन दिवस प्रोग्रॅम उसवत बसले. प्रकाश बदलला, थ्रेशोल्ड बदलला, वस्तू ओळखण्याचा सगळा भाग नव्याने लिहिला. ओळख आधीपेक्षा चांगली झाली आणि बोट तसंच घासत राहिलं. तिसऱ्या दिवशी झाडू मारणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, शनिवारी जाळं काढताना तो कॅमेरा माझ्या हातून हलला होता." वर चढून पाहिलं तर ब्रॅकेटचा बोल्ट सैल. हाताने धरून कॅमेरा किंचित फिरवला आणि मला स्पष्ट दिसलं की चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला होत होती. एकाच बाजूला होणारी चूक बहुधा ओळखण्यातली नसते, जोडणीतली असते, हे मला त्या आधी कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं परसेप्शन धरलेली मी दोन दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत होते. म्हणून म्हणते, एकच धरू नकोस.

आता चिमटा बंद झाला. पुढचा भाग तुझा आहे, मेकॅनिकलवाल्यांचा, आणि तो जुना झाला असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव. दीडशे ग्रॅमचं संत्रं, म्हणजे सुमारे दीड न्यूटन वजन. रबराच्या बोटाचा आणि सालीचा घर्षणांक ०.५ धरला तर फळ नुसतं तोलून धरायला प्रत्येक बोटाने दीड न्यूटन दाबायला हवं. हात झटक्याने वर गेला तर आणखी. पण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, आतल्या फोडींना चिकटून बसत नाही, ती दाबाखाली सरकते. आणि दाब जास्त झाला तर सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात, तेव्हा काही दिसत नाही, पण पुढे तिथे तपकिरी डाग पडतो आणि बाबांच्या आडतीवर त्या फळाचा भाव उतरतो. किती दाबायचं हे कॅमेऱ्यातून कळत नाही. ते घर्षण, बल, सांध्याचा टॉर्क यांच्या हिशेबातून आणि हाताला लागलेल्या अनुभवातून कळतं. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये घर्षणाचा शंकू काढला होतास ना? पकड टिकेल की सुटेल हे आजही त्याच शंकूवरून ठरवतात.

२०१५ साली सिएटलला ॲमेझॉनने पहिलं पिकिंग चॅलेंज घेतलं. कपाटाच्या खणांतून रोबोटने सांगितलेल्या वस्तू काढायच्या, वेळ २० मिनिटं. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा संघ जिंकला, १२ पैकी १० वस्तू काढून. त्यांच्या हाताला नाजूक पाच बोटं नव्हती. व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली होती. खेचून धरलं की वस्तू नेमकी कशी पडली आहे ते बारकाईने ओळखायची गरज कमी होते, म्हणजे चिमटा बदलून त्यांनी डोळ्याचं काम सोपं केलं. हे सुचायला दोन्ही बाजू एकाच डोक्यात असाव्या लागतात. मला तुझ्याकडून ते हवं आहे.

एआयचं मी टाळत नाही. फोटोतलं संत्रं कुठलं, पान कुठलं, हे ओळखायला आता तयार मॉडेल्स आहेत. योलो शिक, मेटाचं सॅम वापरून बघ, चार दिवसांत जमेल. त्यापुढे चित्र आणि वाक्य देऊन थेट हाताची हालचाल काढणारी मॉडेल्सही आली आहेत, गूगल डीपमाइंडचं २०२३ सालचं आरटी-टू त्यातलंच. ती बघून 'मग शिकायचं कशाला' असं वाटेल. पण त्या मॉडेलला शिकवायला कोणीतरी खरा हात हजारो वेळा चालवून दाखवलेला असतो, आणि फळ हातून निसटलं तर दोष डेटात आहे, बोटात आहे की सैल बोल्टात, हे माणसालाच शोधावं लागतं. हे शोधता येणारी माणसं फार थोडी आहेत. तू त्यांतली हो.

गणिताला घाबरू नकोस, पण ते टाळूही नकोस. एक वही समोर धर. आधी ती उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरव, मग आडव्या अक्षाभोवती ९० अंश. आता पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत आण आणि हेच दोन फेरे उलट्या क्रमाने दे. वही वेगळ्याच तोंडाने थांबेल. एम-वनमध्ये मॅट्रिक्सच्या गुणाकारात 'एबी बरोबर बीए नसतं' हे पाठ केलं होतंस, ते हे. हातात वही घेऊन समजलेलं मॅट्रिक्स विसरत नाही. त्यानंतर कॅमेऱ्याच्या हिशेबातली जागा हाताच्या हिशेबात नेणारं चार बाय चारचं ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स, जॅकोबियन (सांधे थोडे हलले तर बोट किती हलेल ते सांगणारं मॅट्रिक्स), लीस्ट स्क्वेअर्स (मापांतली चूक कमीत कमी ठेवणारं उत्तर काढणं) आणि थोडी संभाव्यता, एवढं पक्कं कर. चौथ्या वर्षापर्यंत तेवढं पुष्कळ आहे. पायथन यायलाच हवं, सी-प्लस-प्लस मागाहून आलं तरी चालेल.

हात नाही म्हणतेस. सुरुवातीला नको. कॉलेजच्या किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाक, रोबोटचे भाग एकमेकांशी जोडणारं आरओएस-टू टाक, आणि मुजोको घे. हा सिम्युलेटर आधी विकत घ्यावा लागे, २०२१ मध्ये डीपमाइंडने तो घेतला आणि मोफत केला. त्यात हाताला ठोकळा उचलायला शिकव. पण सिम्युलेटरमध्ये घर्षणांक तू टाईप केलेला आकडा असतो, आणि तिथलं संत्रं म्हणजे गुळगुळीत चेंडू, सैल सालीचं फळ नव्हे. तिथे शंभरपैकी शंभर वेळा उचललं म्हणून हुरळून जाऊ नकोस. दोन-तीन महिने झाले की तीन-चार जणींनी मिळून छोटा हात बांधा. एसओ-१०० नावाचा एक हात आहे, त्याचे सगळे आराखडे इंटरनेटवर खुले आहेत. भाग थ्रीडी प्रिंटरवर निघतात, सांध्यांना छोट्या सर्व्हो मोटारी. तुमच्याकडे थ्रीडी प्रिंटर असलेली वर्कशॉप नसेल तर बाहेर प्रिंट करून मिळतं. बाबा कर्ज काढणार होते त्याच्या लहानशा हिश्शात हे बसेल. आणि तो हात तुमचा राहील, बिघडला तर तुम्हीच उघडाल.

फायनल इयरचा प्रोजेक्ट हाच घे, ढिगातून संत्रं उचलून क्रेटमध्ये ठेवणं. गाईडना नाव मोठं हवं असेल तर मोठं दे, काम एवढंच ठेव. पहिल्यांदा एकच संत्रं मोकळ्या टेबलावर. मग दोन शेजारी. मग ढीग. पन्नास प्रयत्न कर आणि प्रत्येक चुकलेल्या प्रयत्नाचं कारण वहीत लिही: दिसलंच नाही, दिसलं पण जागा चुकली, जागा बरोबर पण निसटलं, उचललं पण शेजारचं पाडलं. मुलाखत घेणाऱ्याला ही चार रकान्यांची वही दाखवलीस तर सर्टिफिकेट कोणी मागणार नाही, असं माझं अनेक मुलाखती घेतल्यानंतरचं मत आहे. मेण लावलेली फळं असतील तर त्यांच्या चकाकीमुळे डेप्थ कॅमेऱ्याच्या चित्रात भोकं पडतील. खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर आलं तर इन्फ्रारेडवर चालणारा कॅमेरा आंधळा होईल, आपल्या नागपूरच्या उन्हात तर नक्कीच. त्याचीही नोंद कर, त्याला लपवू नकोस. फळाबद्दल काही विचारायचं असेल तर अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. गाईडचं पत्र घेऊन जा, आणि जाण्याआधी नेमके प्रश्न लिहून ने.

आयआयटी मुंबईची ई-यंत्र ही रोबोटिक्सची स्पर्धा दरवर्षी होते, तिच्यात संघ म्हणून नाव घाला. नागपूरच्याच व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेतही रोबोटिक्स करणारी मुलं आहेत. दुसऱ्या कॉलेजची आहोत म्हणून संकोच न करता त्यांच्या कार्यक्रमांना जात जा.

पुढचं शिक्षण. एम.टेक. कर, असं मी स्पष्ट सांगते, कारण या विषयात खरा हात आणि खरी लॅब तिथेच मिळते. तिसऱ्या वर्षातही गेटला, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेला, बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, तेव्हा या वर्षी एकदा बसून बघ. बंगळुरूचं आयआयएससी, कानपूर-दिल्ली-मुंबईच्या आयआयटी, हैदराबादच्या ट्रिपल-आयटीचं रोबोटिक्स रिसर्च सेंटर, यांची पानं उघडून मेकॅनिकलच्या पेपरवर कुठे प्रवेश मिळतो ते स्वतः वाच. दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. गेटच्या स्कोअरवर एम.टेक.ला गेलीस तर स्टायपेंड मिळतो, हेही घरी सांग.

मोठ्या बाबांची काळजी खोटी नाही, त्यांना उलट बोलू नकोस. या विषयाच्या नोकऱ्या आज नागपुरात थोड्या आहेत. पुणे, बंगळुरू, नोएडाकडे जावं लागेल. गोदामांसाठी रोबोट बनवणारी नोएडाची ॲडव्हर्ब, कॅमेऱ्याने बघून वस्तू हाताळणारे हात बनवणारी बंगळुरूची सिनलर, अशा भारतीय कंपन्या आहेत, आणि गाड्यांच्या कारखान्यांत मशीन व्हिजनची, म्हणजे यंत्राला कॅमेऱ्याने बघायला लावणारी, माणसं लागतात. मोठ्या बाबांना सांग की पायथन, उबुंटू, कॅमेऱ्याचं गणित हे सॉफ्टवेअरच आहे. सगळं फसलं तरी त्या जोरावर पुण्याले जाता येईलच. ही पळवाट नाही, हे खरं आहे, आणि असं सांगितलंस तर त्यांची झोप उडणार नाही.

आता या रविवारी करायचं काम. मोबाइलचा कॅमेरा कॅलिब्रेट कर, म्हणजे त्याचं भिंग खरी जागा फोटोत कशी उतरवतं ते मोजून काढ. बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी छापून घे, एक चौकट किती मिलिमीटरची आली ते पट्टीने मोज, प्रिंटरवर विश्वास ठेवू नकोस. कॅमेऱ्याचं फोकस एका जागी बंद करून वेगवेगळ्या कोनांतून वीसेक फोटो काढ. ओपनसीव्ही ही मोफत लायब्ररी आहे, तिच्यात झांग यांची २००० सालची पद्धत तयार आहे, ती चालव. शेवटी सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत यायला हवी. आली नाही तर फोटो हललेत का, कागद सपाट आहे का, ते बघ. कागद पुठ्ठ्यावर चिकटवू नकोस, पावसाळी हवेत पुठ्ठा वाकतो आणि तू दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसशील. जुन्या खिडकीची काच मिळाली तर तिच्यावर लाव, चारही कडांना टेप. एका फोटोवरून अंतर कळत नाही म्हटलं होतं, म्हणून मग मोजलेल्या चौकटींचा तो पट टेबलावर ठेव आणि त्याच्या आधारे त्या कॅमेऱ्याने टेबलावरच्या दोन संत्र्यांमधलं अंतर काढ आणि बाबांना पट्टी धरून मोजायला सांग. दोन आकड्यांत किती फरक आला, ते मला लिहून पाठव.